सहाव्या दिवशीची आंघोळ

दामिनीच्या धंतोलीतल्या कचेरीत चेतन येऊन बसला.

"बायकोले झिका झाला," तो म्हणाला. "जानेवारीत ताप आला होता. डॉक्टर म्हणते, हा डासानं होते, नाहीतर संबंधातून. घरच्यायचं, शेजाऱ्यायचं, सगळ्यायचं रक्त तपासलं. माहंबी. सगळे साफ. मंग तिले कोणाकडून आला? त्या माणसाचं नाव पाहिजे मले."

"रोशनी कुठे आहे?" दामिनीनं विचारलं. खासगी तपासाच्या धंद्यात तिचं नाव होतं.

"आईनं उमरेडले माहेरी धाडली."

गेला हिचा संसार, शालिकराम मनात म्हणाला. पोलिसातून निवृत्त होऊन तो दामिनीच्या हाताखाली लागला होता. नवऱ्याच्या डोळ्यातला संशय ओळखायला त्याला चष्मा लागत नसे.

"एवढ्यात तुम्ही आजारी होता?" दामिनीनं चेतनला विचारलं.

"नाही. डिसेंबरात पुण्याच्या कामावरून आलो, तवापासून इथंच. एक दिवस दवाखान्यात गेलो नाही."

दामिनी आणि शालिकराम नंदनवनात चेतनच्या घरी गेले. कूलर गच्चीवर उलटा, कोरडा ठणठणीत. घरात साचलेलं पाणी कुठंच नव्हतं. दारावर मात्र कडुनिंबाची वाळलेली डहाळी होती.

"चेतनले माता आली होती," त्याची आई मैनाबाई म्हणाली. "पुण्याहून आल्या आल्या. अंगभर पुरळ, डोळे लाल. पाच दिवस घरात फोडणी दिली नाही मी. बायकोलेबी त्याच्या खोलीत जाऊ दिलं नाही. सहाव्या दिवशी आंघोळ घातली अन् माता गेली."

शालिकरामनं कपाळाला हात लावला. पुरळ उठलं की ते देवीचं येणं मानायचं, औषध घ्यायचं नाही; त्याच्या आईनंही असंच केलं असतं.

चेतनचा संशय प्रीतमवर होता. रोशनीच्या शिवणक्लासचा तो मालक. त्यानं आपणहून रक्तातली प्रतिपिंडं तपासून घेतली होती, जुना आजारही दाखवणारी. त्याला हा आजार कधी झालाच नव्हता.

उमरेडला बापाच्या बंद पडलेल्या हातमागावर रोशनी कपडे वाळत घालत होती.

"घर अन् क्लास, यापल्याड मी गेली नाही," ती म्हणाली. "नाव काय सांगू? नवऱ्याशिवाय दुसरं नाव नाही माह्यापाशी."

शालिकरामला तिची दया आली. पण दयेनं कोडं सुटत नाही.

आठवड्याभरानं दामिनीनं मायलेकांना कचेरीत बोलावलं.

"डास नाही, कारण घरात पाणी नाही आणि आसपास दुसरा रोगी नाही. रोशनी कुठं गेली नाही. प्रीतम सुटला. बाहेरून आला तो एकटाच माणूस. चेतन, ती माता नव्हती. तो झिका होता."

"पण त्याचं रक्त साफ आहे," शालिकराम मध्येच बोलला.

"त्याच्या रक्तात फक्त विषाणू शोधला, आणि रक्तातून तो थोड्या दिवसांत जातो, शालिकरामजी. अंडकोषात मात्र शरीराचा पहारा मुद्दाम ढिला असतो, आपल्याच शुक्राणूंवर हल्ला होऊ नये म्हणून. तिथं तो महिने दडून राहू शकतो. मैनाबाई, पाच दिवस तुम्ही सुनेला जपलं. सहाव्या दिवशी अंग स्वच्छ झालं असं समजून त्याच खोलीत पाठवलं. आणि मातेला कुणी आजार म्हणत नाही, म्हणून डॉक्टरला सांगितलंच नाही."

तिनं कागद पुढे सरकवला. सोमवारी तिनंच चेतनला वीर्याचा नमुना द्यायला लावला होता. त्यात झिका सापडला होता.

"तुम्ही नाव मागितलं होतं," ती म्हणाली. "ते तुमचंच आहे."

चेतननं कागद दोनदा वाचला. "हा तुम्हीच नेऊन द्या तिले, मॅडम."

"नाही. हे तुम्ही सांगायचं."

मैनाबाई उठली. "मी काढलं तिले. मीबी येतो."

शालिकराम त्यांच्यासोबत उमरेडला गेला. चेतननं सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. मैनाबाई सुनेचा हात धरून रडली. रोशनीनं दोघांना पाणी दिलं.

"तुमच्या अंगातून तो कधी जाईन, ते डॉक्टर तपासून सांगतीन," ती नवऱ्याला म्हणाली. "तवा या. मी यीन का नाही, ते तवा सांगीन."

चेतन बरं म्हणाला. इतक्या शांतपणे सुनावलेली आणि इतकी रास्त शिक्षा शालिकरामनं आपल्या साऱ्या नोकरीत पाहिली नव्हती.