कोर्ट उठेपर्यंत

तालुक्याच्या कोर्टात नकलांच्या खिडकीतून दोन हात एकदम आत गेले — एक माझा, एक त्याचा.

"तुमी घ्या पयलं," तो म्हणाला. "माजी शिक्षाच हाय त्यात. ती काय पळून जात न्हाई."

मी त्याच्या कागदावरचं नाव वाचलं आणि दचकले. हा तर आमचाच पक्षकार! धैर्यशील, बिद्रीचा ट्रॅक्टरचालक. सहा महिन्यांची कैद, अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगित. त्याचं अपील कोल्हापूरच्या ज्या पूर्णिमाताईंकडे होतं, त्यांच्याच हाताखाली मी नुकती वकिली शिकत होते.

गुन्हा त्याने कधी नाकारला नव्हता. तिन्हीसांजेला उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी केली, मागे लाल दिवा लावला नाही. त्याच्याच गावच्या बाळासो आजोबांची दुचाकी येऊन धडकली आणि त्यांचा पाय मोडला.

अपिलाच्या कामासाठी तो अधूनमधून ऑफिसात येऊ लागला. नजर खाली, आणि मी फायलीत डोकं घातलं की हळूच वर...

"ट्रॅक्टरवाल्याच्या शर्टाला दुधाचा वास कसा हो?" मी एकदा विचारलं.

"सांगीन की, वकीलबाई... कुनी नीट इचारलं तर."

मी हसले. पुढची तारीख कधी येते याची वाट पाहू लागले, आणि त्याबद्दल स्वतःलाच रागावले.

मग एका दुपारी निकालपत्राच्या शेवटच्या पानावरची ओळ मी दोनदा वाचली. 'शिक्षेबाबत आरोपीस ऐकले. घरी पत्नी व दोन लहान मुली असल्याने दया दाखवावी, अशी त्याने विनंती केली.'

पत्नी! दोन मुली!

तो समोरच बसला होता. कोरड्या आवाजात मी विचारलं, "मुलींची नावं काय तुमच्या?"

"कुनाच्या?"

"तुमच्या. इथे लिहिलंय."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "अवो, माजं लगीनच न्हाई झाल्यालं! ट्रॅक्टरवाल्याला पोरगी कोन देतंय?"

"मग कोर्टाने शिक्षेआधी काय विचारलं होतं?"

"काय न्हाई. दोषी म्हनले, सा म्हयनं म्हनले, फुडचा पुकारा झाला."

पूर्णिमाताईंनी पान हातात घेतलं आणि खुर्चीत ताठ बसल्या. "अवंतिका, हा परिच्छेद दुसऱ्याच कुणाच्या निकालातला इथे राहून गेलाय. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. याला कुणी ऐकलंच नाही!"

एका माणसाचे सहा महिने दुसऱ्याच्याच संसारावर ठरले होते. मी हादरले होते. आणि त्या हादऱ्याखाली मला जे हायसं वाटलं, त्याची लाज वाटत होती.

कोल्हापूरच्या अपील न्यायाधीशांनी तो परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा काढला. "मग आज मी विचारतो. शिक्षेबाबत तुम्हाला काय सांगायचं आहे?"

धैर्यशीलने आधी माझ्याकडे, मग न्यायाधीशांकडे पाहिलं. बहुधा हा प्रश्न येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"चूक माजी हाय, सायब. दिवा लावाय पायजे हुता. आजोबांचा पाय मोडल्यापास्नं त्येंच्या म्हशीची धार मीच काडतो... एवडंच."

मागच्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. "व्हय सायब!" बाळासो आजोबा ओरडले. "ह्यो आत गेला तर म्हस दुसऱ्याला लाथ घालती!"

न्यायाधीशही हसले. दोष कायम राहिला. सहा महिन्यांची कैद मात्र कोर्ट उठेपर्यंतची झाली.

"मंजे आत कवा जायाचं?" त्याने घाबरून मला विचारलं.

"आत नाही. इथेच, या बाकावर. पाच वाजेपर्यंत."

तो अविश्वासाने बसला. मी फाईल पूर्णिमाताईंच्या हाती दिली — माझं काम संपलं होतं — आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"तुमी का बसला? शिक्षा माजी हाय."

"पळून जात नाही ना ती?"

त्याचे कान लाल झाले. पंख्याखाली कागद फडफडत राहिले.

"अजून काही सांगायचं आहे?" मी हळूच विचारलं.

"हाय की... पर पयलं कोर्ट उटू दे."

पाच वाजता न्यायाधीश उठले, पाठोपाठ सगळे उठले. आम्ही दोघं मात्र बसूनच राहिलो.