एन्डॉर्सचं कार्ड

शेवटच्या दिवशीही बाबांनी जेवणाआधी एक कार्ड पुरं केलं. पैशाच्या व्यवहारातल्या इंग्रजी क्रियापदांचा मराठी कोश ते अकरा वर्षं रचत होते.

"एन्डॉर्स," त्यांनी लेकीला वाचून दाखवलं. "चेक दुसऱ्याच्या नावे करायला त्याच्या मागे सही करणे. मूळ लॅटिन. तिथं त्याचा अर्थच पाठ."

मग नेहमीसारखं कार्ड उलटून कोऱ्या बाजूला, अगदी तळाशी, त्यांनी सही ठोकली. तपासून झाल्याची त्यांची खूण. ती "हं" म्हणून भाजी चिरत राहिली.

पहाटे बाबा गेले.

महिन्याभराने त्यांच्या सहायकाने एक फ्रेम पुढे केली. आत कार्डाएवढा कागद, त्यावर टाइप केलेलं: 'माझ्या पश्चात हा कोश सहायकाच्या नावाने छापावा.' खाली बाबांची सही. छपाई सोमवारी सुरू होणार होती.

लेकीने हस्ताक्षर तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. बॅग सांभाळत त्यांचे यजमानही आले.

"सही अस्सल आहे," यजमानांनी भिंगातून निकाल दिला. "मिटलं की मग."

"अहो, बसा जरा." बाई तिच्याकडे वळल्या. "कार्डांच्या खोक्यातलं काही गेलंय?"

"एन्डॉर्सचं कार्ड. टेबलावर होतं, खोक्यातल्या बाकीच्यांसारखा त्यावर नंबर पडायचा होता."

बाईंनी चार-दोन कार्डं उलटसुलट पाहिली.

शेजारी बसलेले तिचे काका चिडलेच. "टेबल मी आवरलं, कबूल. पण दादाच्या अक्षरातला चिटोरा मी टाकेन का गं?"

सहायक शांत होता. "सरांनी सांगितलं, मी टाइप केलं, त्यांनी सही केली."

बाईंनी फ्रेम उघडली. "कागदाच्या मागे पुठ्ठा का चिकटवलात?"

"खराब होऊ नये म्हणून."

बाईंनी पुठ्ठ्याखाली हळूच सुरी सरकवली. "खोटी सही करायची गरजच नव्हती. इथं प्रत्येक कार्डाच्या मागे खरी सही आणि तिच्या वरती कोरी जागा आहे. नंबर पडलेलं कार्ड गेलं तर कळलं असतं, म्हणून टेबलावरचं उचललं. वर मजकूर टाइप केला. राहिली पुढची बाजू. ती झाकायला पुठ्ठा."

पुठ्ठा सुटला. बाबांच्या निळ्या शाईत 'एन्डॉर्स'.

"मी तेच म्हणत होतो," यजमान म्हणाले.

"तुम्ही नेमकं उलटं म्हणत होता."

सहायकाने लेकीवर आवाज चढवला. "अकरा वर्षं त्यांचं अक्षर मी लावलं. तुम्ही कधी एक कार्ड तरी वाचलंत?"

"सगळी वाचली," ती म्हणाली. "ते दुपारी पडले की. त्यांना कधी कळू दिलं नाही."

मग ती रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बाबा, फार चांगलं काम केलंत तुम्ही."