हसली की पडायची

पेणच्या एसटी स्टँडवर प्रणिता पडली ती चक्क हसून. रोहा गाडीच्या रांगेत तिच्या पुढचा पोरगा कंडक्टरला म्हणाला, "मास्तर, रोज धक्का मी मारतो... आता ही गाडी माझ्या नावावर तरी करा." प्रणिता खळखळून हसली आणि – गुडघेच सुटले. बसली ती थेट स्वतःच्याच पिशवीवर, आणि पिशवीत रोह्याच्या दुकानात द्यायचे पोह्याचे पापड.

"लागलं काय गो?"

"मला नाय. पापडांना."

त्या पोराने एक तुकडा उचलून कच्चाच चावला. "ब्येस हाय," म्हणाला.

हा धनेश. धरमतरकडच्या मिठागरवाल्यांचा, धाटावच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला. मग दर सोमवारी तीच दुपारची गाडी, तीच शेजारची सीट. पेण सुटलं की त्याची टकळी सुरू, आणि गडब गाव येईपर्यंत हिचं डोकं हसून हसून पुढच्या दांडीवर टेकलेलं. बसल्या जागी पडायची भीती नव्हती, म्हणून ती पोटभर हसून घ्यायची.

"पोरी नजर खाली घेतात," तो एकदा म्हणाला. "तू... नाय घेत."

"नाय जात खाली."

खरंच जात नव्हती. पायऱ्या ती पायाने चाचपून उतरायची. धनेशला तो धीटपणा वाटला, तो पुरता विरघळला, आणि तिनेही त्याला तसंच समजू दिलं. कुणाला आवडलं नसतं?

अठ्ठ्याण्णव सालचे गणपती गेले आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून तिच्या पडण्याच्या तपासण्यांचा रिपोर्ट आला. पुढच्याच रविवारी धनेशची आई तिला बघायला यायची होती. त्याआधीच्या सोमवारी रोह्याला उतरल्यावर प्रणिताने त्याला बाकावर बसवलं आणि डॉक्टर बोलले ते सांगितलं.

"अंगातल्या प्रत्येक पेशीत बारक्या पिशव्या असतात. त्यांच्यात कोलेस्टेरॉल येतं... चरबीच ती. ती पिशवीतून बाहेर न्यायला एक प्रथिन असतं. माझं ते जन्मापासून बिघडलेलं. चरबी आतच साठत राहते. मेंदूत पण."

धनेश कंपनीतला माणूस. "म्हंजे पंप बंद, आणि टाकी भरत चाललीय."

"व्हय."

"पंप बदलतात गो."

"हा नाय बदलत. परदेशात गेल्याच वर्षी कुठं त्याचा पत्ता लागलाय. औषध नाय."

नजर खाली न जाणं, हसली की पडणं, सगळं त्याचंच. पुढे बोलणं जाणार, गिळणं जाणार, मग माणसं ओळखणंही. ती सांगत होती तेव्हा धनेशने तिची पापडांची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. तिला स्वतःपेक्षा त्याचीच जास्त कीव आली.

"रविवारी आईला पाठवू नको."

"येणार ती. मी सांभाळीन तुला."

"नको रे. मी लगीन नाय करणार."

"मी... आवडत नाय?"

"जाम आवडतोस. पण लगीन झालं की आपल्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय. माझी जीभ वर्ष-दोन वर्षांची. ती मला तुझं नाव टाळण्यात नाय घालवायची."

धाटावची गाडी आली, शिफ्टवाल्यांना घेऊन गेली. तो हलला नाही.

"मग घे," तो म्हणाला.

"धनेश," ती म्हणाली. "धनेश..."

तिसऱ्यांदा शेवटचा श जिभेवरून घसरला. तो दोघांनाही ऐकू आला, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.