ओकेझीचं नाक

मी वही काढली आणि अख्ख्या गल्लीची शटरं धडाधड खाली आली!

आमच्या आबा शहरात, चपला-बुटांच्या गल्लीत, वही घेतलेली बाई म्हणजे दंड करणारी नगरपालिकेची सॅनिटरीवाली. आता माझ्या कपाळावर लिहिलं होतं का, की मी साधी विद्यार्थिनी आहे म्हणून? तेहेतिसाव्या वर्षी, आठवडाभर प्रसूतिगृहातल्या फरशा पुसून शनिवारच्या आरोग्याच्या वर्गाला जाणारी! वर्गातली पोरं मला 'आंटी' म्हणतात. सरांनी सांगितलं होतं – कामाची एखादी जागा बघा, तिथली हवा बघा, माणसं बघा आणि मनात काय आलं ते लिहा. बंद शटरांवर मी काय डोंबल लिहिणार?

एकच दुकान उघडं होतं.

"दंड करायचा तर करा, बाई," आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "पण चार मिनिटं थांबा. सहा जोड्यांना सोल्युशन लावलंय. ते जरा सुकलं की सोल चिकटवायचे. आत्ता उठलो तर सहाही जोड वाया."

"मी दंड करणारी नाही."

"मग?"

"मी... शिकते."

तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं. "या वयात?"

"का? वयाला कुलूप असतं?"

तो हसला आणि डाव्या गालावर एक खळी पडली. ती खळी सोडून बाकी सगळं मी वहीत लिहून घेतलं. खिडकी नाही. सोल्युशनचा डबा उघडा. दहाच मिनिटांत माझं डोकं ठणकायला लागलं.

"एवढ्या उग्र वासात बसता तरी कसे तुम्ही?"

"कसला वास?" तो म्हणाला. मला वाटलं, चेष्टा करतोय मेला.

त्याचं नाव ओकेझी. पुढच्या शनिवारी मी त्याच्यासाठी कडू पाल्याचं सार घेऊन गेले – अभ्यासापुरतंच हं! त्यानं बोटं चाटून खाल्लं. "वा, अदाकूबाई! ओगिरी काय झकास पडलीय!"

मी हवेतच घरी आले. उरलेलं सार तोंडात घातलं... आणि पातेल्यात डोकावले. घाईघाईत मी ओगिरी घालायलाच विसरले होते. ओगिरी म्हणजे आंबवलेल्या बियांचा गोळा, पानात गुंडाळला तरी चार घरं पलीकडे कळतो. ती नसली तर आमच्याकडे लहान मूलसुद्धा ताट सरकवतं.

दुसऱ्या दिवशी तणतणतच गेले. "खोटारडे आहात तुम्ही! ओगिरी घातलीच नव्हती मी."

ओकेझीचा हात थांबला.

"दोन वर्षं झाली," तो हळूच म्हणाला. "वासच येत नाही. आईकडे गेलो तरी चुलीवर काय शिजतंय ते कळत नाही. वाटलं... सवय होईल."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्याला ओढतच आमच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "वास परत येईल की नाही, सांगता येत नाही. पण असंच त्या वाफेत बसलात तर उद्या हात थरथरायला लागतील."

परतताना ओकेझी सबंध रस्ता स्वतःच्या हातांकडे बघत होता. मला भरून आलं अगदी.

"बाहेर बसा ना," मी म्हणाले.

"या हरमॅटनच्या धुळीच्या वाऱ्यात? सोल्युशनवर धूळ बसली की आठ दिवसांत सोल तोंड वासतो. मग गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करतं."

तेही खरंच. मी वर्गातल्या सगळ्या वह्या उपसल्या, सरांचं डोकं खाल्लं. शेवटी जागेच्या मालकाची परवानगी काढून मागची भिंत फोडली, टेबल परसात नेलं. धूळ अडवायला माझं जुनं नेसूचं कापड ओलं करून आडवं बांधलं. डब्याला झाकण – मधे फक्त ब्रशपुरतं भोक.

शेजारचा दुकानदार ओरडला, "काय रे, बायकोचं कापड वाळत घातलंस का?"

"बायको नाही अजून," ओकेझी म्हणाला.

"अजून?" मी विचारलं.

"धूळ गेली डोळ्यात," तो म्हणाला आणि उगाचच डोळे चोळत बसला.

मी निबंधात लिहिलं: धोका आधी मला त्या डब्यात दिसला. मग कळलं, 'सवय होईल' असं म्हणण्यात तो जास्त आहे. मीही फरशीच्या औषधानं सोललेल्या हातांना हेच सांगत आले होते. आता हातमोजे मागून घेतले.

दर शनिवारी त्याच्या नाकाची परीक्षा. संत्र्याचं साल, साबण, मिरी...

"काही नाही," तो हसून म्हणायचा. पण आता खळी पडत नव्हती. मला भीती वाटायची – आपण उशीर तर नाही केला?

मार्चमध्ये शेवटचा वर्ग झाला. त्या दिवशी मी चांगले कपडे घातले आणि – सांगायला लाज वाटते – अत्तर विकत घेतलं. दोन्ही कानांमागे लावलं. बाजारहाट करून त्याच्याकडे गेले, पिशवी पायाशी ठेवली आणि मुद्दामच जवळ बसले.

ओकेझीनं मानही हलवली नाही. तो ब्रश फिरवत राहिला. माझं मन खट्टू झालं.

आणि एकदम त्याचा ब्रश थांबला. नाक आकसलं.

"अदाकू..." पहिल्यांदाच 'बाई' नाही! "कसली तरी घाण येतेय."

मी लाजेनं अर्धी झाले. माझं अत्तर!

"पिशवीतून! ओगिरी... ओगिरी आणलीयस तू!"

तो पानाचा पुडा त्यानं नाकाशी धरला आणि ढसाढसा रडायला लागला. मग गल्लीभर ओरडत सुटला, "घाण येतेय! अरे, घाण येतेय मला!" शेजारची चार शटरं उघडली. मीही रडत होते, हसत होते.

"आणि... अत्तर?" तो परत येऊन बसल्यावर मी विचारलं.

तो माझ्या कानाजवळ झुकला. लांब श्वास घेतला.

"अं हं. ते नाही आलं अजून. रोज जवळून बघावं लागेल." डाव्या गालावर खळी पडली. "लग्न कर माझ्याशी, अदाकू."

मी म्हटलं, "सहा जोड्यांना सोल्युशन लावलंयस. चार मिनिटं थांब. आधी ते चिकटव."

"आणि उत्तर?"

"चार मिनिटांनी."

तो निमूट बसला. मीही बसले. पण खरं सांगू? मला कुठला एवढा धीर! दुसऱ्याच मिनिटाला मी हो म्हणून मोकळी झाले. तो टुणकन उठला आणि सहाही जोड वाया गेले.