कातळावरची बारा कलमं

"उद्या सकाळी आरे-वारेला! समुद्रात डुंबायचं, दुपारी जेवायला घरी!" हौसाच्या धाकट्या भावानं, जानूनं फर्मान सोडलं.

"तुम्ही जा. मला कलमांना पाणी घालायचंय," हौसा म्हणाली.

"झालं! ताईची कलमं आडवी आली!" शेजारचा लवू कपाळावर हात मारून म्हणाला.

गेल्या पावसाळ्यात बाबांनी हापूसची बारा कलमं आणली होती. कातळात खड्डे पाडून ते मुंबईला नोकरीवर परतले आणि लावायचं काम महिपतकाकांनी केलं. निघताना बाबांनी हौसाला एवढंच सांगितलं होतं, "यांना जगव हो!" तिनंही तसा शब्द दिला होता. दिवाळीपासून हौसा रोज विहिरीवरून कळश्या वाहत होती. तरी कलमं सुकतच चालली होती. आज तर काकांनी निकालच दिला, "रोपंच रोगट! सोमवारी उपटून टाकतो."

दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात सरकारी गाडी आली. पांढऱ्या पडद्यावर प्लॅस्टिकवरचा माहितीपट सुरू झाला.

"मारामारी नाय काय यात?" लवू कुरकुरला.

पडद्यावर एका माणसानं जमीन खणून पिशवी बाहेर काढली. कितीतरी वर्षांपूर्वी पुरलेली, पण जशीच्या तशी! ती कुजत नाही, पाणी आरपार जाऊ देत नाही, असं आवाज सांगत होता.

हौसा ताडकन उभी राहिली. "लवू, आपली कलमं कशातून आली होती?"

"काळ्या पिशव्यांतून. का गो?"

"मग त्या पिशव्या कुठं गेल्या?"

तिघं आठवू लागली. काकू तर प्लॅस्टिकची एकूण एक पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालायची. त्या बारा पिशव्या मात्र कुणीच पाहिल्या नव्हत्या!

सकाळी आरे-वारेचा बेत जानूनंच रद्द केला. तिघांनी एका कलमाच्या कडेची माती अलगद उकरली. वीतभर खाली काळी कडा दिसली! आत मुळं शेवयांसारखी गुरफटली होती.

"मेल्यांनो, काय खणताय?" काका ओरडत आले. हौसानं पिशवी दाखवली. काकांनी वाकून तिची कडा चाचपली.

"पूर्वी मुळं मातीसकट पेंढ्यात बांधून यायची. पेंढा तसाच पुरायचा, त्याचं खत व्हायचं. मला वाटलं, ही पिशवीपण तशीच कुजेल... माझंच चुकलं गो पोरी!"

ऊन उतरल्यावर काकांनी स्वतः कोयतीनं एकेक पिशवी चिरून काढली आणि हातानं माती भरली. मुलांनी पाणी घातलं, वर माडाच्या झापांची सावली केली. दोन कलमं गेलीच. पण दहा तगली, आणि जुलैत त्यांना तांबूस पालवी फुटली!

त्या दिवशी काकांनी बाबांना धाडायला पोस्टकार्ड आणलं. त्यांना लिहिता येत नव्हतं.

"लिही गो. कलमं मी मारत होतो, तुझ्या लेकीनं वाचवली. तिचे उपकार विसरणार नाय."

"काका, असं कसं लिहू?" हौसा लाजून लाल झाली.

"सांगतो ते लिही!"

तिनं लिहिलं. डोळे पुसून खाली आणखी एक ओळ घातली : 'बाबा, चूक कळल्यावर काका एकदाही रागावले नाहीत. त्यांच्यामुळंच माझा शब्द राहिला.'

"आता काय लिहिलंस गो?"

"तुमचे आभार," हौसा म्हणाली.