डाव्या हाताचा मोजा

नदीपलीकडच्या बागेत आज अँब्रोज अंगठी घेऊन येणार होता, आणि डॉर्कसच्या बोटांची तर सुया टोचून पार चाळण झालेली. हातमोजे हवेतच. म्हणून ती मावशीला घेऊन जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरली, आणि पांढऱ्या मऊ कातड्याची एक जोडी तिच्या मनात भरली.

"इतके कोरे, आणि इतके स्वस्त?" थिर्झा मावशीने नाक मुरडलं.

"लग्नात पाहुण्यांना वाटलेले असतील गं. शकुनच म्हणायचा!"

दुकानदारणीने पैसे मात्र हातात घेतले नाहीत, फळीवर ठेवायला लावले. तिथेच ओळखायला हवं होतं. पण घाईत कुणाचं लक्ष असतं?

डॉर्कसचं मागचं स्थळ ऐनवेळी फिरलं होतं. हेही गेलं, तर जन्मभर दुसऱ्यांचे झगे शिवत बसायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बागेत दिवे लागत होते, व्हायोलिनं वाजत होती. अँब्रोजने मागवलेली मांसाची कापं कागदाहून पातळ निघाली.

"अरे बाबा, यातून पलीकडचा काठ दिसतो की!" मावशी म्हणाली.

अँब्रोज खो खो हसला. डॉर्कसला हसू फुटेना. हातांना कसलासा वास येत होता... ओल्या दगडाचा, कोमेजल्या फुलांचा. आणि डावा मोजा हळूहळू आवळत चालला होता.

"काढ बघू तो मोजा," अँब्रोज अंगठी पुढे करत म्हणाला.

तिने ओढला. दातांनी ओढला. निघेना. आतून कुणीतरी तिची बोटं धरून ठेवली होती.

मावशीने तिचं मनगट दिव्याजवळ नेलं. मोज्याच्या काठाला तुटक्या दोऱ्याचे टाके होते. ते बघून मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बये... हे लग्नातले नाहीत. लग्नाआधीच गेलेल्या पोरीचे आहेत. तिच्या शवपेटीपुढे फुलांचं कडं नेतात ना, त्यात टांगतात हे. मग ते कडं कायमचं चर्चच्या छताला... त्याला कुणी हात लावत नाही गं!"

"काप, मावशी... काप!"

डॉर्कसच्या पिशवीतल्या शिवणाच्या कात्रीने मावशीने मोजा उभा चिरला तेव्हा कुठे हात सुटला. बर्फासारखा गार, पण तिचाच. अँब्रोजने अंगठी चढवली. सुटले बाई एकदाची, म्हणत डॉर्कस रडता रडता हसली.

सकाळी मावशीने दुकानदारणीला दरडावून चर्चचं नाव काढून घेतलं, आणि मोजे रुमालात बांधून तिघं परत करायला गेली. दार उघडताच तोच वास आला. मावशीने गाठ सोडली. रुमाल रिकामा होता.

डॉर्कसने वर पाहिलं. सुकल्या फुलांच्या कड्यात दोन्ही मोजे टांगले होते. कुठे चीर नाही, काही नाही. उजवा चपटा लोंबत होता. डावा मात्र भरलेला होता, पाचही बोटांनी, आणि एका बोटावर काहीतरी चमकत होतं.

तिने आपलं बोट चाचपलं. अंगठी नव्हती.

"अँब्रोज..." ती त्याच्याकडे वळली.

अँब्रोजने टोपी काढली होती. काल अंगठी चढवताना तिच्याकडे पाहून हसला होता, तसाच तो हसत होता.

"बघ, अगदी मापात बसली की नाही?" तो हळूच म्हणाला. त्याची नजर डॉर्कसवर नाही, छताला टांगलेल्या डाव्या मोज्यावर होती.