मधे रिकामी जागा

ए पूनम, मोबाइल ठेव आधी खाली. ठेव म्हणते ना! आणि मधे मधे ‘मग, मग’ करायचं नाही. नुसतं ऐक.

आपली इंद्रायणी आठवते? कुरुळीची, डब्यात रोज ठेचा आणून आपल्याला रडवायची ती? आता चाकणला कंपनीत लागलीये, क्वालिटीला. तर तिच्या घरी ठरलं, आबांचा वाढदिवस करायचा. आबा म्हणजे तिचे आजोबा, कोंडाजी. जमिनी कंपन्यांना गेल्यापासून म्हातारा नुसता ओट्यावर बसून कंटेनर बघत असतो. रविराजकाका म्हणाला, फार्महाउस बुक करू, डीजे लावू. इंदू म्हणाली, छे! आबा तरुणपणी पाण्याचं इंजिन स्वतः खोलायचे, त्यांना चिंचवडला सायन्स पार्कला नेऊ. तिथं ‘हात लावू नका’ नसतं, उलट हात लावूनच बघायचं असतं. काका फिदीफिदी हसला. पण आबा म्हणाले, “इंदी म्हणतीय तर जाऊ की. आमी काय डीजेवर नाचणार हाय व्हय?”

झालं! गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून ही एकटीच चौकशीला गेली. दुपारची वेळ, हॉलमध्ये चिटपाखरू नाही. हॉलच्या दोन टोकांना दोन मोठ्या पांढऱ्या थाळ्या, माणसापेक्षा उंच, समोरासमोर उभ्या. ही एका थाळीपुढे थांबली आणि वैतागून पुटपुटली, “इथला गाईड कुठं उलथलाय देव जाणे!”

आणि थाळीतून, अगदी कानाशी... “उलथलेला नाही. समोरच उभाय.”

इंदू केवढ्यानं दचकली! वळून बघते तर पार दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या थाळीपाशी एक मुलगा. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, खिशावर बॅज. आणि हसू दाबायचा इतका प्रयत्न, की बस.

“तुम्हाला... ऐकू आलं?”

“या टोकाचं त्या टोकाला सगळं ऐकू येतं. मधे उभं राहणाऱ्याला मात्र काही कळत नाही.”

“मग आधी सांगायचं ना!”

“सांगितलं असतं, तर तुमचं माझ्याबद्दलचं मत कसं कळलं असतं?”

जवळ आल्यावर तिनं बॅज वाचला. नागसेन. एवढंच, आडनाव नाही. पण आपल्याकडे नागसेन म्हटल्यावर आडनावाची गरज कुणाला पडते गं? दापोडीचा, बौद्ध घरातला. वडील कंपनीतून रिटायर झालेले, हा फिजिक्समध्ये एम.एस्सी. आणि इंदूचं कुरुळीचं जुनं मराठा घर, जिथं चहाचा कप पुढे करायच्या आधी ‘कुणाचा रं तू?’ विचारतात. हे जमणं कठीण, हे तिला तेव्हाच कळलं. आणि कळूनही... ती हसली. काय करणार!

मग सुरू झालं प्लॅनिंग. त्याचे फोन. “आबांना जिना चढवतो का?” “एका दमात नाही.” “मग खालूनच सुरू करू. वाकड्या आरशांपासून. पोरं हसली की मोठे पण सैल होतात.” “आईचे गुडघे दुखतात.” “आईंना खुर्ची ठेवतो. आणि तुमचं काय दुखतं?” “तुमचं बोलणं ऐकून कान!” असं. सहल एका दिवसाची, पण प्लॅनिंग संपता संपेना बघ. दर गुरुवारी हिला काहीतरी नवीन विचारायचंच असायचं. पाण्याची सोय. गाडी लावायची कुठे. नंतर नंतर तर तेही नाही, नुसताच पिंपरीच्या स्टॉपजवळचा चहा, आणि मेट्रोची वाट बघता बघता मुद्दाम सोडून दिलेली मेट्रो.

एकदा त्यानं तिला थाळीपाशी उभं केलं, स्वतः पलीकडे गेला आणि म्हणाला, “नाव घे. नाहीतर पुढचा प्रयोग दाखवणार नाही.”

“ए, लग्न झालंय का आपलं?”

“प्रॅक्टिस!”

ती लाजली, इकडेतिकडे बघितलं, तोंड थाळीजवळ नेलं आणि हळूच म्हणाली,

“थाळीसमोर थाळी, मधे रिकामी जागा,
नागसेनरावांचं नाव घेते, आता तरी नीट वागा!”

पलीकडून आधी नुसता श्वास... आणि, “परत घे ना.”

पूनम, रडू नकोस, अजून काहीच झालेलं नाही.

सहलीच्या आदल्या गुरुवारी, चहा पिता पिता, इंदू कपाकडे बघत म्हणाली, “ऐक ना... त्या दिवशी तो बॅज नाही लावलास तर... चालेल?”

“का? पिनेनं शर्ट फाटतो म्हणून काळजी?” तो हसला. मग तिच्याकडे बघितलं, आणि हसू गेलं.

“एकदा तू त्यांना आवडू दे रे! आधी माणूस आवडू दे, नाव नंतर. मी सांगते ना घरी. शपथ.”

“आणि तिथंच कुणी विचारलं तर?”

“तर मी सांगेन. तू नाही, मीच सांगेन.”

त्यानं कप खाली ठेवला. “बघ हं. मला नाव लपवायची सवय नाही. तू म्हणतेस म्हणून एक दिवस.”

आणि आला तो गुरुवार. आबा, आई, काका, काकू, पोरंटोरं, चिवडा, लाडू, गाडी नुसती फुटायला आलेली. दारात तो उभा. निळा शर्ट, इस्त्री केलेला. खिसा रिकामा. जिथं रोज बॅज असायचा तिथं पिनेची दोन बारीक भोकं. इंदूला तीच दिसत होती, दुसरं काही नाही.

पण सगळं कसं ठरवल्यासारखं झालं माहितीये! वाकड्या आरशात काका बुटका आणि गोल दिसला, काकू म्हणाली, “आरसा खरंच बोलतो!” आई कधी नव्हे ती पदर तोंडाला लावून हसली. मग ती कप्पीची खुर्ची. खुर्चीत बसायचं आणि दोर ओढून आपणच आपल्याला वर उचलायचं. आबा बसले. दोर ओढला. वर गेले!

“आरं, ही तर आमच्या मोटंच्या चाकाची नात हाय!”

“बरोबर आबा,” नागसेन म्हणाला. “फक्त मोटेला चाक एक, इथं जास्त आहेत. म्हणून ओझं हलकं लागतं.”

मग काय, आबा सुटलेच. मोट, विहीर, नाडा, बैल. हा गुडघ्यावर बसून ऐकतोय, मधेच विचारतोय. आबांचा हात त्याच्या खांद्यावर. इंदू लांबून बघत होती. तिला वाटलं, जमलं. देवा, जमलं!

आणि तेवढ्यात आबा म्हणाले, “लई ग्वाड पोरगं हाय. नाव काय रं बाळा तुझं? कुणाचा तू?”

नागसेननं इंदूकडे बघितलं. ठरलं होतं ना!

सगळेच तिच्याकडे बघायला लागले. आई, काका. आणि तिच्या तोंडातून काय निघावं?

“जयदीप, आबा. जयदीप शिंदे.”

तिला स्वतःलाच कळलं नाही कुठून आलं ते.

“शिंदे व्हय! कुठलं शिंदे?” आबा खुलले. आणि हिची आई, जावेला कोपरानं ढोसत काय म्हणाली असेल? “चांगलाय हो मुलगा. विचारायला हवं कुठं जमलंय का ते.” इंदूच्या ऐकण्यात आलं ते! जे ऐकायला ती महिनोन्‌महिने झुरली, ते. पण जयदीप शिंदेसाठी.

नागसेन उठला. गुडघ्याची धूळ झटकली. “चला, शेवटचा प्रयोग,” म्हणाला. “तुम्ही मधे बसा सगळे, लाडू खा. मॅडम, तुम्ही त्या थाळीपाशी.”

मॅडम!

ती जाऊन उभी राहिली. मधे सतरंजी टाकून सगळं घर बसलेलं, लाडवाचा डबा फिरतोय. आणि थाळीतून त्याचा आवाज, अगदी कानाशी, त्या पहिल्या दिवसासारखा.

“इंदू. बॅज खिशातच आहे माझ्या. चिडलो नाहीये. खरंच... थोडाच चिडलोय. घाबरलीस, कळतंय मला. त्यांना नको सांगूस आज. पण एकदा नाव घे माझं. इथंच, थाळीत. मधे कुणालाच ऐकू जात नाही, तुला माहितीये. फक्त मला ऐकव.”

तिनं तोंड पुढे नेलं. ओठ हलले सुद्धा. पण मागून आईचा हात पाठीवर आला. “काय म्हणतोय गं तो?”

“काही नाही,” इंदू म्हणाली. “आवाज येतोय का विचारतोय.”

थाळीपुढेच उभी होती ना ती! हे पण गेलं त्याच्यापर्यंत, शब्दन्‌ शब्द.

निघताना तो दारात उभा होता. खिशावर बॅज लावलेला, नीट, सरळ. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चष्मा वर केला आणि एक एक अक्षर लावून वाचलं. “ना... ग... से... न.” हात हळूच खाली आला. नागसेननं सगळ्यांना नमस्कार केला. “पुन्हा या आबा.” आबांनी नुसती मान हलवली, आणि गाडीकडे वळले.

गाडी मोशीला आली. मग काका म्हणाला, “बघितलं? खोटं नाव सांगितलं बेट्यानं. डेरिंग बघा राव!” काकू म्हणाली, “चेहऱ्यावरून वाटला नाही हो.” आई खिडकीबाहेर बघत राहिली. आबा मात्र मागे वळले. “इंदे, नाव तर तू सांगितलंस.”

पूनम, ती शेवटची संधी होती गं! आबा विचारत होते, ओरडत नव्हते.

“त्यांनीच फोनवर तसं सांगितलं होतं, आबा,” इंदू म्हणाली.

आबा पुढे वळले.

पुढच्या गुरुवारी ती गेली. मधल्या आठवड्यात तिचा एकही फोन त्यानं उचलला नव्हता. हॉलमध्ये शाळेची पोरं, गलका. तो पलीकडच्या थाळीपाशी, पोरांना समजावत होता. ती अलीकडच्या थाळीपुढे उभी राहिली, डोळे मिटले आणि नाव घेतलं. ‘राव’ लावून. एकदा नाही, तीनदा.

पलीकडे तो थांबला. ऐकलं त्यानं, नक्की ऐकलं. थाळीजवळ वाकला, आणि त्याचा आवाज आला, हळू, अगदी प्रेमळ.

“ताई, मागे लाइन आहे. मुलांना येऊ द्या.”

बस. ती बाजूला झाली. त्या दिवसापासून ती पिंपरीला उतरत नाही, आणि आबा अधूनमधून जेवताना विचारतात म्हणे, “ते मोटंचं चाक दाखवणारं पोरगं... बरं हाय का गं?”

आता बोल तू. एवढा वेळ गप्प बसवलंय तुला. मला माहितीये, तू म्हणशील भित्री आहे इंदू. आहेच. पण तुझ्याच घरचे सगळे मधे बसलेत, हातात लाडू, आईचा हात पाठीवर, आणि समोर तो वाट बघतोय... खरं सांग पूनम, तू घेतलं असतंस नाव?